दादाचा सीआरपी ३८ आणि माझा फक्त ६, हे वजनामुळे का?

पत्र: मॅडम, मला आणि दादाला एकाच आठवड्यात कोरोना झाला. मी २९ वर्षांची, वजन ५२. दादा ३४ चा, उंची १७० सेंटीमीटर, वजन १०६. आज त्याचा सहावा दिवस आहे, ताप उतरलाय, खोकला आहे, ऑक्सिजन ९७ दाखवतो. दोघांच्या टेस्ट एकाच दिवशी एकाच लॅबमध्ये केल्या. माझा सीआरपी ६, त्याचा ३८. माझं फेरिटिन ६०, त्याचं ६१०. डी-डायमर माझा २८०, त्याचा ७२०. लिव्हरची एसजीपीटी टेस्ट पण त्याची ७८ आलीय, माझी नॉर्मल आहे. तो रात्र रात्र मोबाईलवर सायटोकाइन स्टॉर्मबद्दल, म्हणजे शरीरातली सूज हाताबाहेर जाते त्याबद्दल, वाचत बसतो. रोज टेस्ट करूया म्हणतो, आणि मित्राकडे स्टिरॉइडच्या उरलेल्या गोळ्या आहेत त्या सुरू करू का असं काल विचारत होता. आईचं एकच चालू आहे, वजनामुळे झालं सगळं. खरंच वजनामुळे रिपोर्ट असे येतात का? आणि तसं असेल तर आम्ही घाबरायचं की नाही घाबरायचं?

उत्तर:

वयाने लहान आहेस म्हणून सरळ तू म्हणते. सगळ्यात आधी त्या गोळ्या. मित्राला परत द्या, आजच, बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

का ते सांगते. स्टिरॉइडने कोरोनात जीव वाचतात हे खरंय, जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने ते दाखवलं, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशने कमी झाले आणि ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशने. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काडीचा फायदा झाला नाही, उलट त्या गटात औषध घेतलेल्यांमध्ये १७.८ टक्के मृत्यू आणि न घेतलेल्यांमध्ये १४.०, म्हणजे कल झालाच तर चुकीच्या बाजूला. तुझ्या दादाचा ऑक्सिजन ९७ आहे. तो त्या तिसऱ्या गटातला, आणि ट्रायलमधले ते लोक तर हॉस्पिटलात दाखल होते, हा घरी बसलाय.

आणि लॅबवाली म्हणून अजून एक सांगते, जे मोबाईलवर कुणी लिहीत नाही. स्टिरॉइड घेतलं की सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, बऱ्याचदा आपोआप खाली येतो, आजार बरा झाला म्हणून नाही तर सूज दाबली गेली म्हणून. त्याच वेळी शुगर वर जाते, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट कमी होतात. म्हणजे दोन दिवसांनी रिपोर्ट केला तर अर्धा छान दिसणार, अर्धा भयानक दिसणार, आणि दोन्हीतलं काही खरं नसणार. मग तो रिपोर्ट वाचायचा तरी कसा?

आता तुझा मुख्य प्रश्न. हो, वजनाचा रिपोर्टवर परिणाम होतो. पण आई म्हणतेय तेवढा सरसकट नाही आणि प्रत्येक आकड्यावर सारखा तर अजिबात नाही, काही आकडे वर जातात, काही जागच्या जागी राहतात, आणि एक तर चक्क खाली येतो, त्याबद्दल पुढे सांगते.

चरबी म्हणजे जास्तीचं सामान भरून ठेवायची नुसती खोली, असं आपण समजतो. डॉक्टर लोकसुद्धा बरीच वर्षं तसंच समजत होते. १९९४ मध्ये लेप्टिन हे हार्मोन सापडलं, जे चरबीच्या पेशीच बनवतात, तेव्हापासून कळायला लागलं की ही खोली नुसती भरलेली नाही, आत कारखाना चालू आहे. वजन फार वाढलं की चरबीच्या पेशी फुगतात, त्यांच्यापर्यंत रक्तपुरवठा नीट पोचत नाही, काही पेशी मरतात, त्या साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिथे येऊन मुक्काम ठोकतात, आणि मग तिथून इंटरल्युकिन-६, टीएनएफ असले सूज वाढवणारे निरोप रक्तात सुटत राहतात, रोज, ताप नसताना, सर्दी नसताना, माणूस मजेत हिंडत असताना. रक्तातल्या एकूण इंटरल्युकिन-६ पैकी साधारण तिसरा हिस्सा चरबीतून येतो असा अंदाज आहे. आणि हे इंटरल्युकिन-६ लिव्हरला जाऊन सांगतं की सीआरपी बनव. म्हणून जास्त वजनाच्या माणसाचा सीआरपी तब्येत ठणठणीत असतानाही थोडा वर असतो, बहुतेक वेळा ३ ते १० च्या मध्ये कुठेतरी. माझंच उदाहरण देते. मशीन तपासायला कधी कधी आम्ही स्वतःचंच रक्त लावतो, तर एकदा माझा सीआरपी ७.८ आला. ना ताप ना काही. माझंही वजन तेव्हा बऱ्यापैकी होतं. टेक्निशियन म्हणाला मॅडम मशीन बिघडलंय वाटतं, मी म्हटलं मशीन बरोबर आहे रे बाबा.

तर दादाचा ३८. त्यातले पाच-सात, फार तर दहा, वजनाच्या खात्यावर टाक. बाकीचे कोरोनाचे. नुसत्या वजनाने ३८ होत नाही, त्यामुळे 'वजनामुळे असेल, सोडून द्या' असंही म्हणू नकोस. पण ३८ म्हणजे स्टॉर्म सुद्धा नाही. हॉस्पिटलात टोसिलिझुमॅबसारखं जोरदार औषध द्यायचं का हे ठरवताना त्याच रिकव्हरी ट्रायलने सीआरपी ७५ किंवा जास्त, आणि त्याच्या जोडीला ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा बाहेरून ऑक्सिजन लावलेला, अशी अट ठेवली होती. नुसता सीआरपी नाही, जोडीला ऑक्सिजन. दादाकडे दोन्ही नाही. सहाव्या दिवशी, ताप नुकताच उतरलेला असताना, ३८ येणं मला तरी नवल वाटत नाही. फक्त युनिट बघ एकदा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हीत दहापटीचा फरक आहे, ३८ चे ३.८ होतात आणि उलटंही. यावरून किती घरांत रडारड झालेली मी पाहिलीय.

फेरिटिनबद्दल मात्र तू स्वतःशी तुलना करतेयस तीच मुळात चुकलीय, आणि इथे दोष वजनाचा कमी, तू बहीण आहेस याचा जास्त. पाळी येणाऱ्या बाईचं फेरिटिन पुरुषापेक्षा कमीच असतं, दर महिन्याला लोह जातं ना. म्हणून लॅबच्या कागदावर बायकांची वरची मर्यादा साधारण १५० ते २०० आणि पुरुषांची ३०० ते ४०० अशी वेगवेगळी छापलेली असते. तुझं ६० आणि त्याचं ६१० म्हणजे दसपट दिसतंय, पण तो सडपातळ असता आणि आजारी नसता तरी त्याचं तुझ्या दुप्पट-तिप्पट असू शकलं असतं. त्याच्यावर वजन. फेरिटिन तसं लोह साठवणारं प्रोटीन, पण सूज आली की ते पण वाढतं, आणि फॅटी लिव्हर असेल तर बारा महिने वाढलेलं असू शकतं. आणि इथे त्याचं एसजीपीटी ७८ बघ. १०६ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजन, काढला तर ३६.७ येतो, एवढ्या वजनात फॅटी लिव्हर असण्याची शक्यता खूप आहे. कोरोनानेही एसजीपीटी वाढतं, तापाच्या गोळ्या जास्त झाल्या तरी वाढतं. कुठलं किती, ते आजच्या एका कागदावरून कुणीच सांगू शकणार नाही, मी पण नाही.

म्हणून एक काम कर. घरात शोध, कपाट, ईमेल, सगळीकडे. नोकरीला लागताना केलेलं चेकअप असेल, इन्शुरन्ससाठी केलेलं असेल, मागे कधी कावीळ-बिवीळ झाली म्हणून काढलेलं रक्त असेल. दादाचा आजारी नसतानाचा एक जुना रिपोर्ट सापडला ना तर तो आजच्या चार नव्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलेल. तेव्हाही एसजीपीटी ६५ असेल तर आजच्या ७८ ला काय घाबरायचं? आणि तेव्हा २५ असेल तर मग डॉक्टरांना सांगायला हवं. सगळी मेख इथे आहे, त्याची आजची पायरी तुझ्या पायरीशी नाही मोजायची, त्याच्याच जुन्या पायरीशी मोजायची.

डी-डायमर जरा किचकट आहे. रक्तात गुठळीची जाळी बनली आणि ती विरघळायला लागली की तिचे तुकडे म्हणजे डी-डायमर. नेहमीची मर्यादा ५०० धरतात, पण हाच आकडा दोन वेगळ्या युनिटमध्ये येतो आणि त्यात साधारण दुपटीचा फरक आहे, त्यामुळे मित्राच्या रिपोर्टशी, शेजाऱ्याच्या रिपोर्टशी ताडून बघणं बंद करा. वजन जास्त असलं की फायब्रिनोजेन वाढतं, गोठवणारे काही घटक वाढतात, आणि पीएआय-१ नावाचं एक प्रोटीन वाढतं जे गुठळी विरघळू देत नाही. म्हणजे रक्त गोठायला जरा जास्त तयार आणि विरघळायला जरा आळशी. त्यात कोरोना स्वतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतो. म्हणून ७२० आलं. याचा अर्थ गुठळी झालीच असा नाही, डी-डायमर ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन, गरोदरपण कशानेही वाढतो. पण या आकड्यावर मनाने रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, घरी असलेल्या स्थिर पेशंटना त्या देऊन पाहिल्या होत्या, मोठा फायदा दिसला नाही. बघायचं ते शरीराकडे. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, श्वास घेताना छातीत टोचणं, अचानक दम लागणं, यातलं काही झालं तर रिपोर्टची वाट न बघता निघायचं.

पांढऱ्या पेशींचं तू लिहिलं नाहीस पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केलंच असणार. कोरोनात लिम्फोसाइट पडतात, १००० च्या खाली गेले की आम्ही भुवया उंचावतो. टक्केवारी नको बघू, त्याच्या शेजारी अॅब्सोल्यूट काउंट असतो तो बघ. जाड माणसाच्या एकूण पांढऱ्या पेशी मुळातच थोड्या जास्त असू शकतात, त्यामुळे कधी कधी पडलेला आकडा सुद्धा नॉर्मलच्या आत दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात.

आता तो खाली येणारा आकडा. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, हृदयावर ताण आला की वाढणारी टेस्ट. जास्त वजनाच्या लोकांत ही मुळातच कमी येते, हार्ट फेल्युअर असूनही कमी येऊ शकते. दादाची ही टेस्ट आत्ता करायची काही गरज नाही, पण पुढे कधी दम लागला, पाय सुजले, आणि कुणी म्हणालं बीएनपी नॉर्मल आहे म्हणजे हृदय ठीक, तर डॉक्टरांना वजनाचं नक्की आठवून द्या.

एवढं वाचून दादा म्हणेल चला, म्हणजे रिपोर्ट खोटे, मी ठीक. तसंही नाहीये रे दादा. जास्त वजनाने कोरोना जड जाऊ शकतो हे पहिल्याच वर्षी दिसलं. फ्रान्समधल्या लील शहरात आयसीयूतल्या १२४ पेशंटचा अभ्यास झाला होता, त्यात बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त लोकांना व्हेंटिलेटर लागला. इंग्लंडमध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बीएमआय ३५ ते ४० मध्ये मृत्यूचा धोका लठ्ठ नसलेल्यांपेक्षा १.४ पट आणि बीएमआय ४० च्या वर १.९२ पट निघाला. पण त्याच अभ्यासात वय ८० च्या पुढे असलेल्यांचा धोका पन्नाशीतल्या लोकांच्या वीस पट होता, हे पण वाच ना. ३४ वय ही त्याच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे. शिवाय हे सगळे आकडे २०२० चे, लस यायच्या आधीचे, विषाणू सगळ्यांना नवा असतानाचे. आज बहुतेकांच्या शरीराला त्याची ओळख आहे, त्यामुळे ते आकडे उचलून आजच्या माणसावर चिकटवायचे नसतात.

आणि धोका नुसत्या रक्तातून येत नाही. पोटाचा घेर वाढला की आडवं पडल्यावर पोट छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला वर ढकलतं, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, आणि न्यूमोनिया नेमका तिथेच जास्त बसतो. म्हणून दादाला उताणं झोपू देऊ नकोस. पालथं जमलं तर उत्तम, पोटामुळे जमत नसेल तर कुशीवर, नाहीतर पाठीला उशा लावून अर्धवट बसून. दिवसातून चार वेळा उठून घरातल्या घरात चालू दे.

ऑक्सिजन कसा बघायचा ते नीट सांगते कारण इथेच लोक चुकतात. बसून बघायचा, हात गरम असताना, आकडा स्थिर होईपर्यंत. मग ६ मिनिटं चालायचं आणि परत बघायचा. बसून ९४ च्या खाली, किंवा चालून आल्यावर ३-४ ने पडला, तर फोन नाही, सरळ दाखवायला जायचं. सातव्या ते दहाव्या दिवसात काही लोकांचं बिनसतं, म्हणजे अजून चार दिवस डोळे उघडे ठेवायचे. आणि रात्री झोपेत मशीन लावून ठेवू नकोस असं मी आधी लिहिणार होते, पण खरं तर लावलंस आणि ८८ दिसलं तर किंचाळायच्या आधी त्याला जागं कर. जागा झाल्यावर मिनिटभरात ९६ वर आला आणि तो एरवीही जोरात घोरणारा असेल तर तो स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मध्ये मध्ये थांबणं, हेही असू शकतं, वजनाबरोबर येणारा, कोरोनाच्या आधीपासूनचा. ते पण डॉक्टरांना सांगायचंच, फक्त वेगळ्या कारणासाठी. जागा होऊनही वर आला नाही तर मात्र थांबायचं नाही. झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

रोज टेस्ट नको. सीआरपीला चढायला वेळ लागतो, साधारण दोन दिवसांत तो शिखराला पोचतो, आणि कारण संपलं की सुमारे १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे सगळं सुधारत असेल तर दोन-तीन दिवसांनी ३८ चे दहाच्या आसपास यायला हवेत. एकदाच करा, त्याच लॅबमध्ये. आणि त्याहून फार खाली गेला नाही, सात-आठवर अडकला, तर लक्षात आहे ना, ती कदाचित त्याची नेहमीचीच पायरी असेल. फेरिटिन आठवडेच्या आठवडे वर राहू शकतं, ते आत्ता परत करून फक्त झोप उडेल. तो ताप परत आला, दम लागला, तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर म्हणतील त्या सगळ्या करा.

एक टेस्ट मात्र आत्ताच केली तरी चालेल, एचबीए१सी. आठवडाभराच्या तापाने ती फारशी हलत नाही, मागच्या तीनेक महिन्यांची शुगर सांगते, त्यामुळे दादाला आधीपासून डायबिटीस होता का ते कळेल. वजन, डायबिटीस आणि कोरोना एकत्र आले की तिथे खरी काळजी असते, आणि कितीतरी लोकांना शुगर आहे हे कोरोनातच पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वेळेसाठी एक. ३६.७ बीएमआय हे स्वतःच धोक्याच्या यादीतलं कारण आहे, त्यामुळे परत कोरोना झाला तर पहिल्या ५ दिवसांत डॉक्टरांना अँटिव्हायरल गोळ्यांबद्दल विचारायचं, त्या उशिरा सुरू करून उपयोग नसतो. यावेळी ती वेळ गेली, राहू दे.

आणि आईंना माझ्याकडून सांग, म्हणजे तुला पटलं तर. वजनामुळे विषाणू आला नाही, तो तुला ५२ किलोला पण आलाच की. आजारी माणसाला सहाव्या दिवशी वजनावरून बोलल्याने एक ग्रॅम कमी होत नाही, पण पुढच्या वेळी दम लागला तरी तो सांगणार नाही, बोलणी खावी लागतील म्हणून. माझ्याकडे असे लोक येतात, उशिरा येतात, आणि विचारलं तर म्हणतात डॉक्टर पण आधी वजनावरूनच सुरू करतात हो. वजनाचं बोलायचंच आहे, पण दोन महिन्यांनी, तो बरा झाल्यावर, आणि त्याने विषय काढला तर जास्त बरं. तेव्हा सांगायला एक चांगली गोष्ट आहे, वजन उतरलं की सीआरपी पण उतरतो, दर किलोमागे सरासरी ०.१३ मिलिग्रॅम प्रति लिटर. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण ज्याचा रोजचा सीआरपी ७ आहे त्याने १५ किलो उतरवले तर जवळजवळ २ ने खाली येतो, आणि तो फरक रोजचा असतो.

तेव्हाच, म्हणजे बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, सीआरपी, फेरिटिन आणि एसजीपीटी तीन टेस्ट करून घ्या. फेरिटिन तरीही वर असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करायला सांगतील, लोह खरंच जास्त साठलंय की नुसती सूज आणि लिव्हरचं काम आहे ते त्यातून कळतं. तो कागद नीट जपून ठेव, पुढच्या प्रत्येक आजारात तोच दादाची मोजपट्टी असणार आहे.

मला पाठवायचा असेल तर युनिट आणि नॉर्मल रेंजसकट पूर्ण पानाचा फोटो पाठव, नुसते आकडे टाइप करून नको, आणि त्याचं नाव झाक.